शाळेचा हिशेब गावापुढे

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. वर्षभरात काय कार्य घडले, पैसा किती आला व कोठे गेला, कोणी कोणी पदरमोड व अंगमेहनत केली, हे सांगितल्यावाचून मंडळाची वार्षिक सभा पुरी होत नाही. चिटणिसांस सभासदांनी उलटसुलट प्रश्न विचारले तर त्यात कोणास वावगेही वाटत नाही. मंडळाकडून आपण जी अपेक्षा करतो ती गावच्या प्राथमिक शाळेकडूनही करावी, हे मात्र आपल्याला सहसा सुचत नाही. मुले किती शिकली, शाळेचा पैसा कसा खर्ची पडला आणि तिच्यासाठी लोकांनी काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरे लोकांसमक्ष देण्याची रीत आपल्या देशात कशी पडली, कशी क्षीण झाली आणि पुन्हा कशी उभी राहू पाहत आहे, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचे आम्ही योजिले आहे.

होसकोट्याच्या मराठी वाचकांस या विषयाचे विशेष अगत्य वाटावे असे कारण आहे. होसकोटे म्हणजे कानडीत नवा कोट. सुगटूरच्या तम्मेगौडाने इ. स. १५९५ च्या सुमारास तो उभारला, असे सांगतात. पुढे विजापूरकरांच्या कर्नाटकातील स्वाऱ्यांत हा मुलूख त्यांच्या हाती गेला, आणि बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे यांच्याबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. ऑगस्ट १७६८ मध्ये इंग्रजांच्या साह्यास आलेल्या मुरारराव घोरपड्यांची छावणी याच गावाजवळ पडली असता हैदरअलीने तिच्यावर रात्री छापा घातला, आणि तो मराठ्यांनी परतवून लावला. या कथा आपण कौतुकाने सांगतो. परंतु मराठी माणूस या प्रांती तलवारीबरोबर लेखणीही घेऊन आला होता. मैसूरच्या सरकारी दफ्तरात कानडीबरोबर मराठीतही जमाखर्च लिहिला जाई. ज्यांच्या पूर्वजांनी राज्याचे हिशेब राखले, त्यांनी शाळेच्या हिशेबाविषयी उदासीन राहावे, हे शोभणारे नाही.

इंग्रजी अमलापूर्वी व त्यानंतरही काही काळ महाराष्ट्रात पंतोजींच्या, तर मैसूर प्रांतात 'कूलिमठ' नावाच्या शाळा चालत. ओसरीवर किंवा देवळात मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, परवचा म्हणत. पंतोजीस धान्य किंवा थोडाफार पैसा मिळे. त्या शाळेचा हिशेब सोपा होता. मुलगा घरी येऊन पावकी-निमकी बिनचूक म्हणू लागला, की पंतोजीचे वेतन सार्थकी लागले असे बाप समजे. मात्र ज्याचा पैसा त्यालाच जाब विचारण्याचा अधिकार असल्यामुळे, ज्यांच्या मुलांस ओसरीवर पायही ठेवता येत नसे ते लोक, तसेच मुली, या हिशेबाच्या पूर्णपणे बाहेर राहिल्या. शाळेचा जाब सर्व समाजाला द्यावयाचा असतो, ही कल्पना तेव्हा जन्मास यावयाची होती.

ती कल्पना महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसते ती पुण्यास, जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांत. भिडे वाड्यातील शाळा १८४८ ची. त्यानंतर ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा निघाली. पहिल्या दिवशी मुली आल्या अवघ्या आठ, आणि थोड्याच काळात त्यांची संख्या ४८ वर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत व १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी शाळा उघडल्या. या शाळांची व्यवस्था पाहण्यास एक मंडळी नेमलेली होती, आणि तिचे अहवाल प्रसिद्ध होत. आज ज्यास शाळासमितीचे प्रगतिपत्रक म्हणता येईल, त्याचे हे आपल्याकडील फार जुने व फार धीट उदाहरण होय.

या मंडळींनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे उघड दिली. विद्येचा हिशेब द्यावयाचा तर १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पुण्यात मुलींची जाहीर परीक्षा घेण्यात आली. तीन शाळांच्या पटावर त्या सुमारास २३७ मुली होत्या, आणि परीक्षा पाहण्यास सुमारे ३,००० लोक लोटले होते. मुलीने पाटी हाती धरणे हाच ज्या काळी अनाचार समजला जाई, त्या काळी तिला भर सभेत वाचावयास उभे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. निंदकांस दुसरे कोणते उत्तर इतके परिणामकारक झाले असते? पैशाचा हिशेबही तितकाच उघडा होता. वर्गणी व देणग्या पुरत ना, म्हणून सरकारकडे अर्ज करण्यात आला, आणि दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याकरिता जो पैसा खर्ची पडे, त्याचाच काही भाग आता मुलींच्या पाटी-पुस्तकांकडे वळला. असा पैसा घेणाऱ्यांनी पै-पैचा हिशेब चोख ठेवणे किती आवश्यक होते, हे निराळे सांगावयास नको. राहिला तिसरा हिशेब, श्रमाचा. मुख्याध्यापिका सावित्रीबाई या वेतन न घेता शिकवितात, याची नोंद अहवालात आवर्जून करण्यात आली. विनामूल्य केलेल्या कामाचीही नोंद व्हावी, हे तत्त्व त्या मंडळींनी ओळखले होते. जे श्रम कोठेच नोंदले जात नाहीत, ते पुढे लोकांस फुकटचे व म्हणून क्षुल्लक वाटू लागतात.

पुण्यात हे घडत असता मैसूर प्रांत इंग्रज कमिशनरांच्या कारभाराखाली होता. १८५७ मध्ये येथे शिक्षणखाते स्थापन झाले. पुढे कर्नाटकातील शिलालेखांच्या संग्रहामुळे ज्यांचे नाव अजरामर झाले ते बी. एल. राईस हे त्या खात्यातील अधिकारी. त्यांच्या १८६८ च्या योजनेनुसार प्रत्येक होबळीत, म्हणजे तालुक्याच्या लहान महसुली विभागात, एक प्राथमिक शाळा काढण्याचे ठरले. शिक्षकाचा पगार सरकारी व्यवस्थेतून, आणि शाळेसाठी घर गावकऱ्यांनी द्यावे, अशी ही विभागणी होती. होसकोट्यासारख्या तालुक्यांतील ग्रामीण शिक्षणाचा पाया या होबळी-शाळांनी घातला. ज्या घराचे छप्पर आपण शाकारले त्यात काय चालते, हे पाहण्याचा हक्क माणसास आपोआपच वाटू लागतो. लोकसहभागाचे हे साधे मर्म त्या योजनेत होते.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस बसविण्यात आला, आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. म्हणजे शेतकरी आता शाळेचा थेट धनको झाला. हंटर कमिशनपुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी नेमके याच धनकोचे गाऱ्हाणे मांडले. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार असू नये, असेही त्यांनी सुचविले. याच काळात इंग्लंडात, १८६२ च्या नियमांनुसार, मुले परीक्षेत जशी उतरतील तसे अनुदान शाळेस मिळे. परिणाम असा झाला की, शिक्षक अनुदानापुरते शिकवू लागले व मुले तपासनिसापुरते पाठ करू लागली. शतक संपण्यापूर्वीच ती पद्धत तेथे मोडीत निघाली. विद्येचा हिशेब पैशाच्या हिशेबास जुंपला, की दोन्ही खोटे पडतात, हा तिचा धडा आहे.

विसाव्या शतकात प्रश्न सक्तीच्या शिक्षणाचा झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आरंभ करून १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात ते लागू केले. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मैसूरने १९१३ मध्ये आणि शाहू महाराजांच्या करवीर संस्थानाने १९१७ मध्ये सक्तीचा मार्ग स्वीकारला. यामुळे शाळा शासनाची झाली, हे योग्यच होते. गरिबाच्या मुलाचे शिक्षण दात्यांच्या लहरीवर सोडता येत नाही. मैसुरात १९४१ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडून पुन्हा सरकारकडे गेला. तथापि या स्थित्यंतरात एक गोष्ट हरवली. शाळेचा जाब आता तपासनीस विचारी, आणि अहवाल कचेरीकडे जाई. गाव मात्र प्रेक्षक बनले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून, व पुढे खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढून, लोकांच्या श्रमाला व मूठभर धान्याला पुन्हा शाळेत स्थान दिले, म्हणून त्यांचे कार्य या इतिहासात वेगळे उठून दिसते.

कर्नाटकात गावास पुन्हा शाळेत बोलावले गेले ते २००१ मध्ये. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशीनंतर सरकारी शाळांमधून 'शालाभिवृद्धी मत्तु मेलुस्तुवारी समिती' स्थापन झाल्या. यातील 'उस्तुवारी' शब्द मराठी वाचकास परका वाटू नये. निगा राखणे या अर्थी आपली जुनी 'उस्तवारी' ती हीच. 'समुदायदत्त शाले' या उपक्रमातून मुलांची प्रगती पालकांसमोर मांडण्याचीही प्रथा सुरू झाली. पुण्याच्या १८५३ च्या जाहीर परीक्षेशी तिचे नाते सहज जुळते. त्यानंतर केंद्राच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवावे, असे ठरविले. कागदावर तरी तिन्ही हिशेब पुन्हा लोकांच्या हाती आले.

प्रत्यक्षात अडचण कोठे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. समितीत बसण्याचा मुख्य अधिकार त्या शाळेतील मुलांच्या पालकांस आहे. ज्यांस जमाखर्च वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, अशा पुष्कळांनी आपली मुले कधीच अन्य शाळांत घातली आहेत. जे मागे राहिले त्यांतील अनेकांचे पोट रोजावर चालते. कामाच्या दिवशी भरणारी सभा म्हणजे त्यांस एका दिवसाच्या मजुरीचे नुकसान. मग कोऱ्या इतिवृत्तावर सही किंवा अंगठा उमटतो, आणि कायद्याने दिलेला अधिकार वहीतच मिटून राहतो. कमतरता निधीची असेल तेथे ती सरकारने भरून काढली पाहिजे, परंतु ऐकणारे लोक जमवून देणे सरकारच्या हाती नाही.

या ठिकाणी आमच्यासारख्या मंडळांचे काम सुरू होते, असे आम्हांस वाटते. समितीत आपणांस मत नसेल. पण सभा रविवारी किंवा सायंकाळी भरावी असा आग्रह आपण धरू शकतो. अनुदानाची रक्कम व खर्च फलकावर कानडीत ठळक लिहावयास मदत करू शकतो. आठवड्यातून एक तास मुलांस वाचून दाखवू शकतो, आणि कोणते मूल अडखळते हे शिक्षकांच्या कानी घालू शकतो. शाळा कानडी आहे म्हणून ती परकी ठरत नाही. चार शतके या भूमीचे अन्न खाल्लेल्या समाजास तिच्या शाळेत पाहुणा म्हणून उभे राहता येणार नाही. देणगीची पाटी लावून आपले कर्तव्य संपते, अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये; पाटी भिंतीवर राहते आणि मूल वाचावयास न शिकताच वरच्या वर्गात जाते.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना उत्सवांच्या यादीशेजारी गावच्या एका सरकारी प्राथमिक शाळेचे नाव लिहावे, आणि पुढच्या वार्षिक सभेत आपल्या जमाखर्चाबरोबर तेथे आपण दिलेल्या तासांचाही हिशेब वाचून दाखवावा, अशी आमची सभासदांस नम्र सूचना आहे.