घमापुरची वाळवणं

आमच्या घराण्याचा इतिहास घरातले पुरुष आजोबांच्या नोकरीपासून सांगतात. आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. ही फॅक्टरी १९०४ सालची, इंग्रजांनी तोफांचे गाडे बनवायला काढलेली. पणजोबा नागपूरकडून गोंदिया, नैनपूर करत छोट्या गाडीनं इकडे आले आणि घमापुरात त्यांनी दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. पुढं त्याच दोन खोल्यांना अंगण, कोळशाची खोली आणि गच्ची जोडली गेली. हे सगळं खरंच आहे. पण हाच इतिहास आजी सांगायला बसली की तो उडदाच्या भावापासून सुरू व्हायचा. कुठल्या वर्षी उडीद कडाडला, कुठल्या वर्षी ऐन चैत्रात ढग आले आणि लाटलेले पापड घरभर दोऱ्यांवर टांगावे लागले, कुणाच्या लग्नाचा खर्च कुठल्या उन्हाळ्यात निघाला, हे तिला पाठ होतं. सन मात्र तिला सांगता येत नसे. “तुहा बाप रांगत होता तवा,” असं तिचं कॅलेंडर.

दुसऱ्या महायुद्धात खमरियाला दारूगोळ्याची फॅक्टरी निघाली आणि जबलपूर माणसांनी भरून गेलं. नागपूर, भंडारा, अमरावती, कुठून कुठून मराठी पोरं आली. त्यांतली दोघं-तिघं आजोबांच्या ओळखीनं आमच्याकडे जेवायला लागली. पुढं ती डझनभर झाली असं बाबा म्हणत, आत्या म्हणते सातच होती. कितीही असोत, पहाटे चारला आजीची शेगडी पेटायची, हे दोघांच्याही आठवणीत सारखंच आहे. पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबे भरलेले असायचे. गाडरवाड्याच्या तुरीचं वरण, पोळ्या, एखादी भाजी, आणि रविवारी पाटोडीची रस्साभाजी. मग कांचघरकडून सायकलींची रांग फॅक्टरीकडे निघायची. त्यांतल्या किती सायकलींच्या हँडलला आजीचा डबा लटकलेला असेल!

डब्यासोबत पापड द्यायचा, ही आजीचीच कल्पना. पोरं सुट्टीवर गावी जाताना आईसाठी शेकडाभर पापड मागायला लागली. मग गोलबाजारातल्या दत्तमंदिरात भेटणाऱ्या बायकांनीही सांगून ठेवायला सुरुवात केली. आजी उडदाचं पीठ घट्ट भिजवायची, पापडखार आणि हिंग हाताच्या अंदाजानं घालायची, आणि उखळात मुसळानं कुटायला शेजारच्या कक्कीला हाक मारायची. आम्ही मुलं तेलात बुडवलेल्या लाट्या पळवण्यासाठी टपून बसायचो. कच्ची लाटी पोटात दुखवते म्हणतात. आमच्या तर कुणाच्याच पोटात कधी दुखलं नाही. पापडांच्या मागोमाग सांडगे, कुरडया, आणि त्या भागातले तिळाचे बिजौरेही तिनं शिकून घेतले होते. बिजौरे तिला कक्कीनंच शिकवले. घमापुरच्या गच्चीवर बुंदेलखंड आणि वऱ्हाड एकाच चादरीवर वाळत असायचं.

कक्कीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती बिड्या वळायची. जबलपूर हे बिडीचं फार जुनं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथल्या बिड्या देशभर गेल्या, आणि त्या वळल्या घराघरांतल्या बायकांनी. मांडीवर सूप, सुपात कापलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याची नजर फिरावी. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे बिडीचा ठेकेदार, माल घ्यायला बसायचा. हजारातल्या किती बिड्या तो छाटून टाकणार, हे त्याच्या मर्जीवर. छाटलेल्यांचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही मिळत नसत. कक्की त्याच्यापुढं कधी बोलली नाही. आजी मात्र घरी आल्यावर फणफणायची. “मेहनत तिची, भाव त्याचा! माह्या पापडाचा भाव मी सांगते. परवडत नसंल तं नको घेऊ.”

आजी शाळा फार शिकलेली नव्हती. पण मजुरी आणि धंदा यांतला फरक तिनं या एका वाक्यात सांगून टाकला होता, आणि पुढं अर्थशास्त्राची पुस्तकं वाचताना मला त्याहून स्वच्छ व्याख्या सापडली नाही. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, ओळखपत्रं आली, कल्याण निधी आला. कक्कीला त्यांतलं काय मिळालं ते आठवत नाही. सट्टेदार मात्र तोच राहिला.

१९५६च्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश राज्य झालं. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडे राहिलो. राजधानी जबलपूरला येणार म्हणून गाव आशेनं बसलं होतं. ती गेली भोपाळला, जबलपूरला हायकोर्ट मिळालं. दिवाळी तोंडावर होती, पण त्या वर्षी दिवे कमीच लागले, असं आजी सांगायची. आजोबांना माहेरचं राज्य तुटल्यासारखं वाटलं. आजीची काळजी वेगळी होती. नागपूरला जाणाऱ्या पापडांवर आता नाक्यावर जकात तर नाही ना बसणार? कुणीतरी समजूत घातली की गाडीतून नेलेल्या घरच्या डब्याला कोण विचारतंय, तेव्हा ती शांत झाली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, तिकडे मुंबईत, गिरगावच्या लोहाणा निवासात सात गुजराती बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. तारीख १५ मार्च १९५९. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांच्याकडून ८० रुपये उसने घेतलेले, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झालेली. त्या सातजणींत जसवंतीबेन पोपट होत्या. पुढं खूप वर्षांनी, २०२१ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये. पावसाळ्यात चार महिने त्यांचं काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. हे वाचलं तेव्हा मला आजी डोळ्यांपुढं दिसली, कारण श्रावणात तीही कोळशाच्या खोलीत बाज टाकून खाली शेगडी ठेवायची. एकीला दुसरीची खबर असणं शक्यच नव्हतं. पाऊस दोघींच्या गच्चीवर सारखाच पडला, एवढंच.

सुरुवातीला त्या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला, एक स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, आणि ती कधी खाली येऊ देऊ नका. हिशेब नीट ठेवा, देणग्या घेऊ नका. काम करणारी प्रत्येक बाई मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा. १९६६ साली त्यांच्या ‘लिज्जत’ संस्थेची नोंदणी झाली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आठ लाखांचं खेळतं भांडवल मिळालं. मग मुंबईबाहेर शाखा निघत गेल्या. जबलपूरलाही निघाली.

आमची आत्या तिथं लागली. आजीला ते आधी आवडलं नाही. घरचा धंदा सोडून दुसऱ्याकडे लाटायला जायचं? पण आत्यानं तिला नियम समजावून सांगितले. सकाळी शाखेत भिजवलेलं पीठ मिळतं, ते घरी आणून लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी देऊन यायचं. तिथं वजन होतं, पापड पारखला जातो, वणाईचे, म्हणजे लाटण्याचे, पैसे हातात मिळतात. पारख कडक. जाडी कमी-जास्त झालेली चालत नाही. आजी सगळं ऐकत होती. मग तिनं एकच प्रश्न विचारला, “आन् पारखते कोन?” आत्या म्हणाली, “आमच्यातल्याच बायका.” आजीनं मान हलवली आणि आत्यासाठी स्वतःचं जुनं लाटणं काढून दिलं. आज लिज्जतमध्ये देशभर सुमारे ४५ हजार बायका आहेत, उलाढाल १६०० कोटींच्या घरात गेल्याचं वाचलं. त्यांतल्या एकीचं लाटणं आमच्या आजीचं होतं याचा मला फार अभिमान आहे.

लिज्जतच्याच मुंबईत, गिरणगावात, मराठी बायका कामगारांच्या खाणावळी चालवत होत्या, थेट आजीसारख्या. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी अशा बाईला बँकेची पायरी उंचच वाटायची. गोवामुक्तीच्या लढ्यातल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढं १९९७ मध्ये चेतना सिन्हांनी साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी महिलांची बँकच उभी केली. आजीला असं कुणी भेटलं नाही. तिची बँक म्हणजे हिंगाचा रिकामा डबा.

१९७१च्या जनगणनेला आलेला माणूस मला अंधुक आठवतो. ओट्यावर बसून त्यानं आजोबांचं लिहिलं: नोकरी, गन कॅरेज फॅक्टरी. आजीचं विचारलं तेव्हा आजोबाच म्हणाले, घरीच असते. आजी आत पीठ कुटत होती, मुसळाचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. त्या वर्षाअखेर बांगलादेशचं युद्ध झालं. फॅक्टरीत रात्रंदिवस ओव्हरटाइम चालला. डबे दुप्पट झाले, कक्कीच्या सुना पोळ्या लाटायला आमच्याकडे येऊ लागल्या आणि आजी त्यांना रोजचे रोज पैसे द्यायची. म्हणजे तिनं माणसं कामाला ठेवली होती. तोफांचे गाडे देशाच्या हिशेबात आले. ते बनवणाऱ्यांना जेवू घालणारी बाई मात्र सरकारी कागदावर काहीच करत नव्हती. याचा मला आजही राग येतो. आत्याचं लग्न, बाबांचं पॉलिटेक्निक, गच्चीची फरशी, यांतलं काहीही नुसत्या पगारावर झालेलं नाही.

त्या घरात आता माझ्या चुलतभावाची सून व्यवसाय करते. जबलपूरचा मटार नावाजलेला, थंडीत मंडीत त्याचे ढीग लागतात. ती तो पोत्यांनी घेते, मोहल्ल्यातल्या बायकांकडून किलोवर सोलून घेते, गोठवून वर्षभर हॉटेलांना आणि डबेवाल्यांना पुरवते. मुद्रा योजनेतून कर्ज काढलं, ते तिच्या स्वतःच्या नावावर आहे. सोलणाऱ्या बायकांचा दर ती त्यांच्यासमोर बसून ठरवते, आणि कक्कीची पणती त्यात सगळ्यात जास्त घासाघीस करते म्हणे!

गेल्या जानेवारीत तिचा फोन आला. मटार उतरलाय, यंदा दुप्पट घ्यायचा विचार आहे, पण दुसऱ्या डीप फ्रीजरला जागा नाही. कोळशाच्या खोलीची भिंत पाडली तर बसेल. घरातले पुरुष म्हणतात आजीची आठवण आहे, राहू द्या. तुमचं काय म्हणणं?

मी म्हटलं, पाड. आणि विजेचं मीटर वेगळं घे, म्हणजे धंद्याचा खर्च घरच्या बिलात मिसळणार नाही.