झिजलेल्या भारतीय नाण्यांची ओळख

नाण्यावरील अक्षरे व अंक झिजून अवाच्य झाले असता आकारमान, वजन, धातू आणि उरलेला छाप यांवरून त्याचे मूल्य व काळ ठरवावा लागतो. छापाचा सर्वांत उंच भाग आधी झिजतो. कडेलगतचा मजकूर पुष्कळदा मागे उरतो.

आकारमान

भारतीय चलनात केवळ आकारावर विसंबणे फसवे ठरते. २०११ च्या मालिकेत नाणी लहान करण्यात आली, तेव्हा जुन्या लहान मूल्याचे माप नव्या मोठ्या मूल्याला मिळाले. १९९२ चा पोलादी रुपया २५ मिमी व्यासाचा व ४.८५ ग्रॅम वजनाचा. २०११ चे दोन रुपयांचे नाणेही तेवढेच. १९८८ चे ५० पैसे आणि २०११ चा रुपया दोन्ही सुमारे २२ मिमी व ३.७९ ग्रॅमचे. जुने २५ पैसे व नवे ५० पैसे यांचा व्यास १९ मिमी आहे. ही शेवटची जोडी विशेष जपून पाहावी, कारण २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

अशा वेळी छापाचा अवशेषच निर्णायक असतो. जुन्या रुपयावर धान्याची कणसे, ५० पैशांवर संसद भवन व भारताचा नकाशा आणि २५ पैशांवर गेंडा आहे. २०११ च्या एक व दोन रुपयांवर ‘₹’ हे चिन्ह आढळते.

धातू

वरील सर्व नाणी पोलादी असल्याने लोहचुंबकाचा तेथे उपयोग नाही. पाच रुपयांच्या नाण्यांत मात्र तो होतो: २३ मिमीचे जुने तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे असून चुंबकाला चिकटत नाही, २००७ चे त्याच व्यासाचे पोलादी नाणे ६ ग्रॅमचे असून चिकटते.

टांकसाळीची खूण

ही खूण वर्षाखाली असते. मुंबईची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची बहुधा तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याची खूण नसते. त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर खूण दिसली नाही, एवढ्यावरून ते कोलकात्याचे मानणे चूक होय.

वाचन

तिरप्या प्रकाशात नाणे फिरवून पाहावे, किंवा त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच घासावी. ‘पितळनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा शहरात चिंचेने भांडी उजळणे नवे नाही. नाण्याला तो उपाय करू नये. आम्लाने व घासण्याने उरलासुरला छापही जातो.

कायदेशीर स्थिती

नाणे अधिनियम, २०११ नुसार नाणे विरूपित नसेल आणि त्याचे वजन विहित मर्यादेखाली गेले नसेल, तरच ते वैध चलन ठरते. गळ्यात घालण्यासाठी भोक पाडलेले नाणे ओळखू येत असले तरी विरूपितच मानावे लागते.