नुर्बुर्गरिंग आणि शर्यतचालकांची कीर्ती

मोटार शर्यतींच्या इतिहासात विजयांची नोंद आणि चालकाची कीर्ती यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. १९५८ साली माइक हॉथॉर्नने स्टर्लिंग मॉसपेक्षा एका गुणाने पुढे राहून विश्वविजेतेपद मिळवले, पण त्या हंगामात हॉथॉर्नने एकच शर्यत जिंकली होती आणि मॉसने चार. शिवाय पोर्तुगालमधील शर्यतीत हॉथॉर्नला बाद ठरवण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष देऊन त्याचे गुण वाचवणाराही मॉसच होता. मॉसला जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही, तरीही आज थोर चालकांची नावे घेताना हॉथॉर्नच्या आधी त्याचेच नाव घेतले जाते. ही कीर्ती कशी घडते हे समजून घ्यायचे, तर चालकांइतकाच शर्यतींच्या जागांचाही विचार करावा लागतो, आणि अशा जागांमध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंगचा मान पहिला आहे.

आयफेल हा पश्चिम जर्मनीतील डोंगराळ आणि त्या काळी गरीब असलेला प्रदेश. तेथील बेकारांच्या हातांना काम मिळावे हाही हेतू धरून नुर्बुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती १९२५ मध्ये शर्यतमार्गाचे बांधकाम सुरू झाले आणि १९२७ मध्ये तो खुला झाला. त्याचा मुख्य भाग, म्हणजे उत्तरेकडचा फेरा, तेव्हा सुमारे २२.८ किलोमीटर लांबीचा होता; जंगलातून जाणाऱ्या या रस्त्यावर दीडशेहून अधिक वळणे होती, आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या बिंदूंमध्ये जवळजवळ ३०० मीटरचा फरक होता. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस ही तेथील नित्याची गोष्ट होती. लांब सरळ रस्त्यावर जास्त अश्वशक्तीचे इंजिन जिंकते, हे उघड आहे; परंतु जेथे पुढचे वळण दिसण्याआधीच ते आठवावे लागते, तेथे चालकाची स्मरणशक्ती आणि हाताचे कसब यंत्रातील उणीव काही प्रमाणात भरून काढते. नुर्बुर्गरिंगचे खरे वैशिष्ट्य हेच होते.

त्याचा पहिला मोठा दाखला १९३५ च्या जर्मन ग्राँ प्रीमध्ये, म्हणजे देशातील मुख्य शर्यतीत, मिळाला. नाझी राजवटीच्या आर्थिक पाठबळावर उभ्या राहिलेल्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन संघांच्या बलाढ्य गाड्यांपुढे बेचाळीस वर्षांचा इटालियन चालक तात्सिओ नुव्होलारी जुन्या घडणीची अल्फा रोमिओ घेऊन उतरला. शर्यतीच्या मध्यावर इंधन भरण्याचा पंप बिघडल्याने डब्यांनी पेट्रोल ओतावे लागले आणि तो बराच मागे पडला, पण तेथून एकेक गाडी मागे टाकीत शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला तो दुसऱ्या क्रमांकावर होता. पुढे असलेल्या मानफ्रेड फॉन ब्राउखिचने टायर झिजवून आघाडी टिकवली होती, आणि त्याच फेरीत त्याचा टायर फुटला. यात नशिबाचा वाटा किती, हा प्रश्न रास्त आहे. मात्र प्रतिस्पर्ध्याला टायर जपण्याची उसंत न देणे हेही नुव्होलारीचेच काम होते. संयोजकांजवळ इटलीच्या राष्ट्रगीताची तबकडी नव्हती आणि नुव्होलारीने स्वतःजवळची काढून दिली, असेही सांगितले जाते. अशा कथा खऱ्याखोट्याच्या सीमेवर असतात, पण त्या वाटेल त्या विजयाला चिकटत नाहीत.

दुसरा दाखला याच मार्गावरचा: १९५७ च्या जर्मन ग्राँ प्रीमध्ये सेहेचाळीस वर्षांच्या हुआन मान्वेल फान्जिओने अर्धीच टाकी भरून, हलक्या मासेराटीने आघाडी घेऊन मग टायर व इंधनासाठी थांबण्याचा बेत केला होता. तो थांबा अपेक्षेपेक्षा फार लांबला आणि फेरारीच्या हॉथॉर्न व पीटर कॉलिन्स यांच्यापेक्षा तो सुमारे पाऊण मिनिट मागे पडला. त्यानंतर प्रत्येक वळणावर नेहमीपेक्षा वरचा गिअर वापरीत त्याने फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, ९ मिनिटे १७.४ सेकंदांपर्यंत आणला आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकले. हा त्याचा शेवटचा ग्राँ प्री विजय आणि याच विजयाने त्याचे पाचवे विश्वविजेतेपद निश्चित झाले. चार वर्षांनी मॉसनेही खाजगी संघाच्या, कमी शक्तीच्या लोटस गाडीने फेरारींना येथेच हरवले, आणि विश्वविजेतेपदाच्या शर्यतींतील त्याचाही हा अखेरचा विजय ठरला.

या कीर्तीची किंमत मोठी होती. १९६८ मध्ये धुक्यात आणि पावसात, मनगट दुखावलेले असताना जॅकी स्टुअर्टने चार मिनिटांहून अधिक फरकाने ही शर्यत जिंकली, आणि मार्गाच्या धोक्यांविरुद्ध सर्वांत आग्रहाने बोलणाराही तोच होता. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असायला हवे होते. १९७० मध्ये चालकांच्या विरोधामुळे शर्यत होकेनहाइमला हलवावी लागली. पुढे ती नुर्बुर्गरिंगला परतल्यावर १९७६ मध्ये चालक निकी लाउडाने बहिष्काराची सूचना केली, ती बहुमताने फेटाळली गेली, आणि त्याच शर्यतीत त्याची गाडी पेटून तो मरणाच्या दारी पोहोचला. फॉर्म्युला वन, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या शर्यतींची मालिका, त्यानंतर त्या फेऱ्यावर परतली नाही. १९८४ मध्ये शेजारी उभारलेला नवा मार्ग जेमतेम साडेचार किलोमीटरचा होता.

यानंतर जुन्या डोंगरी रस्त्याचे काम पावसाने केले, असे म्हणता येईल, कारण ओल्या रस्त्यावर जादा अश्वशक्ती पूर्णपणे वापरता येत नाही आणि पकड कोठे सुटेल याचा अंदाज चालकालाच बांधावा लागतो. ब्राझीलच्या आयर्टन सेनाची ओळख १९८४ मध्ये मोनॅकोच्या पावसात टोलमनसारख्या दुबळ्या गाडीने मिळवलेल्या दुसऱ्या क्रमांकातून झाली, आणि १९९३ मध्ये इंग्लंडमधील डॉनिंग्टनच्या ओल्या मार्गावर त्याने पहिल्याच फेरीत पाचव्या क्रमांकावरून आघाडी घेतली. त्याच्या मॅक्लारेनपेक्षा विल्यम्सच्या गाड्या स्पष्टपणे सरस होत्या, तरी त्या दिवशी डेमन हिल वगळता सर्वांना त्याने एका फेरीने मागे टाकले. त्यांत त्या वर्षाचे विश्वविजेतेपद पटकावणारा आलँ प्रोस्टही होता.