स्कोलीन, अ‍ॅट्रोपीन आणि मंदावणारे ठोके

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्नायू सैल पाडणाऱ्या औषधांचा इतिहास सामान्यतः २३ जानेवारी १९४२ पासून सांगितला जातो, कारण त्या दिवशी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी दक्षिण अमेरिकेतील बाणविषापासून, म्हणजे क्युरारेपासून, तयार केलेले औषध भुलेच्या जोडीला वापरले. परंतु ज्या औषधामुळे हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न भूलतज्ज्ञांसमोर ठळकपणे उभा राहिला, ते सक्सामेथोनियम त्याहून जुने आहे. भारतीय शस्त्रक्रियागृहांत ते आजही ‘स्कोलीन’ या नावानेच ओळखले जाते. १९०६ मध्ये रीड हंट आणि रने तावो या अमेरिकेतील संशोधकांनी ते प्राण्यांना टोचून पाहिले. मात्र त्यांचे लक्ष रक्तदाबाकडे होते आणि प्रयोगातील प्राण्यांना क्युरारे आधीच दिलेले असल्यामुळे नव्या औषधाने स्नायू लुळे पडतात हे त्यांना दिसणे शक्यच नव्हते. तो गुण १९४९ मध्ये रोम येथे दानिएल बोव्हे यांनी दाखवून दिला, १९५१ मध्ये स्टॉकहोम व व्हिएन्ना येथील भूलतज्ज्ञांनी औषध माणसांवर वापरले आणि त्यानंतर ते झपाट्याने सर्वत्र पसरले.

या लोकप्रियतेचे कारण त्याच्या वेगात होते. शिरेत औषध गेल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात पापण्या, चेहरा आणि खांदे यांवरून बारीक थरथर पायांपर्यंत सरकत जाते, मग सारे अंग सैल पडते, जबडा सहज उघडतो आणि श्वासनलिकेत नळी घालता येते. रक्तातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, औषधाचे झपाट्याने विघटन करीत असल्यामुळे पाच ते दहा मिनिटांत स्नायूंचे बळ परतते. हा अल्पजीवी गुणच पुढे अडचणीचा ठरला, कारण शस्त्रक्रिया लांबली की दुसरी, तिसरी मात्रा देणे ओघानेच आले.

सक्सामेथोनियमची रचना म्हणजे एकमेकांना जोडलेले अ‍ॅसिटिलकोलिनचे दोन रेणू. अ‍ॅसिटिलकोलिन हा शरीरातील रासायनिक निरोप्या चेतातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा आदेश पोहोचवतो, आणि मेंदूपासून निघणारी व्हेगस ही चेता हृदयाची गती आवरते तीही याच पदार्थाच्या साह्याने. म्हणून स्नायूंसाठी दिलेले औषध ठोक्यांचा उगम असलेल्या सायनस गाठीवरही काम करू शकते आणि तिचा वेग कमी होतो. कधी ती काही क्षण थांबते आणि तिच्या खालच्या पेशी मंद गतीने ठोके चालवू लागतात. पहिल्या मात्रेच्या विघटनातून उरलेले पदार्थ हृदयाला दुसऱ्या मात्रेसाठी अधिक संवेदनशील बनवीत असावेत, असे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले.

१९५०च्या दशकात बहुतेक शस्त्रक्रियागृहांत हृदयाचा विद्युत आलेख सतत दिसण्याची सोय नव्हती. नाडीवरचे बोट हीच भूलतज्ज्ञाची मुख्य साधनसामग्री होती, आणि काही सेकंदांचा खंड नेमका नळी घालण्याच्या धांदलीत पडत असल्याने तो निसटून जाणे सोपे होते. १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथील डिग्बी ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांत व बालकांत शिरेतून दिलेल्या सक्सामेथोनियमनंतर ठोके मंदावत असल्याचे प्रसिद्ध केले. मुलांमध्ये हे पहिल्याच मात्रेनंतर घडते; प्रौढांमध्ये मुख्यतः दुसऱ्या मात्रेनंतर, आणि विशेषतः ती पहिलीनंतर साधारण पाच मिनिटांनी दिली तर. तान्ह्या बाळाचे हृदय प्रत्येक ठोक्याला फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण फारसे वाढवू शकत नाही, त्यामुळे गती घटली की रक्तप्रवाहही घटतो. या विषयातील सर्वांत मोलाचे काम मुलांच्या भुलेतून पुढे आले, ते याच कारणाने.

प्रतिबंधाचा मुख्य आधार ठरले बेलाडोना वनस्पतीतील अ‍ॅट्रोपीन, जे हृदयावरील अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम अडवते. भुलेपूर्वी लाळ आटावी म्हणून ते स्नायूत टोचण्याची प्रथा होतीच, पण तासाभरापूर्वी दिलेल्या अशा टोचणीवर विसंबणे धोक्याचे असल्याचे दिसून आले; शिरेतून, सक्सामेथोनियमच्या लगेच आधी दिलेली मात्रा अधिक भरवशाची ठरली, आणि मुलांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०२ मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ झाले. क्युरारेसारख्या औषधाची छोटी मात्रा आधी देणे हा दुसरा मार्ग, ज्याचा अभ्यास १९७० मध्ये मॅथायस, इव्हान्स-प्रॉसर आणि चर्चिल-डेव्हिडसन यांनी मांडला. सर्वांत साधा उपाय अर्थातच दुसरी मात्रा टाळण्याचा, आणि लांबणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी अधिक टिकाऊ औषधे हाती आल्यावर तो शक्यही झाला.

त्या टिकाऊ औषधांपैकी पॅनक्युरोनियम हृदयाची गती किंचित वाढवत असे, आणि फेंटानिलसारख्या वेदनाशामकांमुळे येणारी मंदगती त्याखाली झाकली जाई. १९८०च्या दशकात आलेले व्हेक्युरोनियम हृदयावर जवळजवळ परिणाम न करणारे म्हणून स्वागतार्ह ठरले. परंतु त्याच्या वापराबरोबर झाकण निघाले आणि मंद ठोक्यांच्या नोंदी पुन्हा येऊ लागल्या. औषधाची निर्दोषता इथे अपुरी पडली, ही बाब भूलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवी.

अ‍ॅट्रोपीनची प्रथाही तपासली गेलीच: २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मुलांना तातडीने नळी घालताना ते सरसकट देण्यास पुरेसा आधार नसल्याचे म्हटले, मात्र मंदगतीचा धोका अधिक असेल तेथे ते देण्यास वाव ठेवला. शिथिलतेचा परिणाम उलटवणाऱ्या, युरोपात २००८ मध्ये व अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या सुगामाडेक्सच्या माहितीपत्रकातही औषध दिल्यावर काही मिनिटांत ठोके तीव्रपणे मंदावू शकतात असा इशारा आहे, आणि तेथे सुचवलेला उपचार अ‍ॅट्रोपीनचाच आहे.