महाबळेश्वरचा समुद्राकडचा दरवाजा

महाबळेश्वरला कसं जायचं, असं कुणालाही विचारलं तर एकच उत्तर येतं. पुणे, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. म्हणजे पूर्वेकडून, देशावरून. फार तर कुणी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून येण्याची वाट सांगेल. पण या गिरिस्थानाच्या पश्चिमेच्या कड्यावर 'बॉम्बे पॉइंट' नावाची एक जागा आहे. सूर्यास्त बघायला तिथे रोज संध्याकाळी गर्दी होते. मुंबईची जुनी वाट इथून उतरायची म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ती वाट खाली पार गावात उतरे, तिथून सावित्रीच्या खोऱ्यात महाडला जाई आणि महाडपासून पुढे ती पाण्यावरून असे. महाडची खाडी, बाणकोटचं बंदर आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई.

महाबळेश्वरच्या इतिहासात हा पाण्याचा भाग फारसा येत नाही. याचं एक कारण मला जुनी गॅझेटियर चाळताना सापडलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात महाबळेश्वर साताऱ्याच्या खंडात आहे (१८८५), महाड कुलाब्याच्या खंडात (१८८३) आणि बाणकोट रत्नागिरीच्या खंडात (१८८०). एका नदीकाठचा एक प्रवास तीन जिल्ह्यांच्या तीन पुस्तकांत विभागला गेला. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्याचा इतिहास लिहिला. साताऱ्याच्या इतिहासात बोटी येत नाहीत, आणि रत्नागिरीच्या इतिहासात बाणकोटला आलेला माणूस पुढे डोंगरावर गेला की दिसेनासा होतो.

नदीला मात्र जिल्हे माहीत नसतात. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली कृष्णा पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली पडते आणि जेमतेम शंभर-एक किलोमीटरमध्ये बाणकोटला अरबी समुद्र गाठते. त्यातही शेवटचे तीसेक मैल ती नदी कमी आणि खाडी जास्त आहे. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. म्हणूनच चार-साडेचार हजार फूट उंचीवरच्या या गावाला पायथ्यापासून थोड्याच अंतरावर बंदर होतं.

इंग्रजांना ही खाडी महाबळेश्वरच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. १७५५ साली कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतल्यावर बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. त्यांनी त्याचं नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' ठेवलं. पुढच्या वर्षी पेशव्यांशी तह होऊन तो त्यांच्याकडे कायम झाला आणि त्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे गेला. तेव्हापासून मुंबईच्या उन्हाने आणि तापाने टेकीला आलेले साहेब बोटीने बाणकोटला येऊ लागले. काही जण आणखी वर, दासगावजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जात. 'ओरिएंटल मेमॉयर्स' लिहिणारा जेम्स फोर्ब्स प्रकृतीसाठी १७७१ साली तिथे गेला होता. हवापालटासाठी सावित्रीच्या खाडीने वर जायचं, ही रीत अशी महाबळेश्वरच्या 'शोधा'पेक्षा पन्नास वर्षं जुनी आहे.

१८२४ साली जनरल लॉडविक डोंगर चढून गेले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, खंडाळा गाव देऊन ही जागा घेतली आणि माल्कम पेठ वसवली. त्या वेळी मुंबईहून इथे यायचं तर बोट चुकतच नव्हती. मुंबई बेट होतं. पुण्यावरून यायचं म्हटलं तरी आधी पनवेलपर्यंत बोट होतीच. मग बोटीने जायचंच आहे तर सरळ बाणकोट का नको, असा तो हिशोब होता.

मुंबई ते बाणकोट अंतर सत्तर मैलांच्या आसपास. आगबोटी सुरू होण्याआधी हे अंतर शिडाच्या मचव्यातून किंवा फत्तेमारीतून कापलं जाई, आणि त्याला किती वेळ लागेल हे वारा ठरवी. चैत्र-वैशाखात दुपारी वायव्येचा वारा सुटतो, म्हणजे दक्षिणेला जाताना तो पाठीशी. येताना मात्र तोच वारा तोंडावर. मग रात्री जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्याचा फायदा घेत, दुपारी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून, तुकड्यातुकड्याने मुंबई गाठायची. रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन ही बंदरं नकाशावर इतक्या जवळजवळ का, याचं उत्तर या संथ प्रवासात आहे. शिडाच्या बोटीला दर काही तासांवर आडोसा लागतो.

आता या बोटीवर राहतं कोण, हा खरा प्रश्न. साहेब आणि त्याचं कुटुंब त्या बोटीवर एक-दोन रात्री काढत. तांडेल आणि खलाशी वर्षाचे आठ महिने काढत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की गलबतं पाण्यात उतरत, आणि वैशाख संपता संपता पुन्हा किनाऱ्यावर ओढली जात. मधल्या काळात घर म्हणजे बोट. स्वयंपाक लाकडी खोक्यात माती लिंपून केलेल्या चुलीवर. गोडं पाणी पिंपात, आणि ते फक्त पिण्याला आणि शिजवण्याला. बाकी सगळं खाऱ्यावर. भात, मासळी, नाहीतर सुकं. निजायला फळ्यांवर जागा मिळेल तिथे, मालाच्या मध्ये. मालसुद्धा खाडीखाडीप्रमाणे बदले. महाडकडून मुंबईला तांदूळ, हिरडा, लाकूड. मुंबईहून परत येताना मीठ आणि कापड. यांत खारवी, भंडारी, कोळी होते, दालदी होते, बाणकोटच्या परिसरातले कोकणी मुसलमान होते. यांतल्याच कित्येक घरांतली मुलं पुढे इंग्रजांच्या मोठ्या आगबोटींवर खलाशी झाली आणि थेट विलायतेपर्यंत गेली.

आज जगभर काही लोक शिडाची बोट विकत घेतात, घर मोडतात आणि थंडीच्या महिन्यांत उबदार किनाऱ्यांवरच्या मरिनांतून हिंडत राहतात. भूमध्य समुद्रात आणि कॅरिबियन बेटांत अशी शेकडो माणसं आहेत. त्यांच्या आठवणी वाचताना मला बाणकोटचा तांडेल हटकून आठवतो. ऋतू पाहून निघणं, वाऱ्याची वाट पाहत एखाद्या बंदरात अडकून पडणं, गोड्या पाण्याचा थेंबथेंब मोजणं हे सगळं दोघांचं सारखंच. फरक एवढाच की त्यांनी हे आयुष्य निवडलेलं असतं आणि ते लिहूनही ठेवतात. आपल्या तांडेलाने ते वंशपरंपरेने केलं आणि लिहिलं नाही. लिहिलं ते त्याच्या उतारूंनी, आणि त्यांच्या लिखाणात तांडेलाला बहुधा नाव नसतं.

बाणकोटला पोचल्यावर अवघड भाग सुरू होई. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला आणि उलट्या वाऱ्याला तिथे लाटा फुटतात. तो ओलांडायचा तर भरती साधायची. एकदा आत शिरलं की पाणी शांत, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि भरतीचा ओघच बोटीला वर नेतो. पण भरती सहा तासांची. ती सरली की नांगर टाकायचा, सुकतीत वाट पाहायची आणि पुढच्या भरतीला पुन्हा निघायचं. भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे कधी हे मध्यरात्री, कधी भर उन्हात. मोठी गलबतं म्हाप्रळ-दासगावपर्यंतच जात. पुढे महाडपर्यंत लहान होड्या, आणि उधाणाचे दिवस असतील तर जरा मोठ्या.

महाबळेश्वरच्या सगळ्यात प्रसिद्ध कड्याचं नाव या पाण्याशी जोडलेलं आहे. 'आर्थर्स सीट' हे नाव आर्थर मॅलेट या अधिकाऱ्यावरून पडलं. त्याने तिथे पहिलं घर बांधलं म्हणून, अशी साधी माहिती मिळते. गाइड दुसरी कथा सांगतात. सावित्रीत नाव बुडून मॅलेटची बायको आणि तान्हं मूल गेलं, आणि पुढे तो या कड्यावर बसून खालच्या नदीकडे बघत राही. कथेत किती रंग भरला आहे ते सोडून देऊ. मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, ही नदी साहेबांची रोजची, जिवावर बेतणारी वाट होती हे ती कथा अजून सांभाळून आहे. दुसरी म्हणजे, नाव बुडते तेव्हा वल्हवणारेही बुडतात. त्यांच्या नावाचा कडा नाही. डोंगरावरचे पॉइंट माल्कम, लॉडविक, एल्फिन्स्टन, फॉकलंड यांच्या नावांचे आहेत. ज्यांनी या मंडळींना तिथवर आणलं, त्या तांडेलांचं आणि पार घाटातून पालख्या खांद्यावर घेणाऱ्या भोयांचं नाव एका पायवाटेलासुद्धा नाही.

समुद्रातून आलेली आणखी काही माणसं इथे राहिली. मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत होता. त्यांनी रस्त्यांवर राबून बागायती केली, भाज्या पिकवल्या. 'चायनामन्स फॉल' हे एका धबधब्याचं नाव तेवढं उरलं आहे.

मग बोर घाटातून रेल्वे पूर्ण झाली (१८६३) आणि वाट फिरली. मुंबईचा माणूस गाडीने पुण्याला आणि तिथून टांग्याने वाईला जाऊ लागला. १८७०च्या दशकात महाडच्या बाजूने फिट्झगेराल्ड घाटाचा रस्ता झाला. पण तोवर सोयीचं पारडं पूर्वेकडे झुकलं होतं. डोंगराने समुद्राकडे पाठ केली.

खाडी मात्र चालू राहिली. तिच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रवास डोंगर तिला विसरल्यानंतरचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांना मारहाण झाली होती. धरमतरवरून मोटारीने येण्याचा मार्ग होता, पण मोटारवाले आयत्या वेळी नाकारतील ही धास्ती होती. तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, हरिहरेश्वरला आले, तिथून दुसऱ्या बोटीने खाडीतून दासगावला पोचले आणि दासगावहून महाडपर्यंत चालत गेले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. हवा खायला जाणाऱ्या साहेबांची पाण्याची वाट शंभर वर्षांनी अशा माणसांच्या कामी आली, ज्यांना जमिनीवरच्या वाटेचा भरवसा नव्हता.

आज दासगावला मोठं गलबत पोचणार नाही. खाडी गाळाने भरली आहे. तो गाळ येतो वरून, महाबळेश्वरच्या आणि आजूबाजूच्या उतारांवरून. झाडं तुटली, डोंगर कापले, की माती सावित्रीतच येते. बोटींची वर्दळ असताना पात्र उथळ झालेलं पहिल्यांदा तांडेलाला कळे, कारण त्याची बोट रुते. बोटी गेल्या आणि हे सांगणारं कुणी उरलं नाही. मग ते पाण्याने सांगितलं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, दोन एस.टी. गाड्यांसकट; काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत शोधावे लागले. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. महाड बुडालं आणि त्याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतर नदीतला गाळ काढायचं काम सरकारने हाती घेतलं. डोंगरावरचा पाऊस आणि खालचं बंदर एकाच नदीची दोन टोकं आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. तीन जिल्ह्यांच्या तीन खंडांत ते कधीच एकत्र दिसलं नव्हतं.

महाबळेश्वरला आता बोट म्हटली की वेण्णा तलाव. १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधलेल्या त्या तलावात पैसे भरून अर्धा तास वल्हवता येतं. त्यात वाईट काही नाही. पण पुढच्या वेळी आर्थर्स सीटला गेलात तर डावीकडची खोल दरी जरा वेळ काढून बघा. ती सावित्रीची दरी आहे. हे गाव त्या वाटेने वसलं, आणि इथल्या प्रत्येक कापलेल्या झाडाचा हिशोब त्याच वाटेने खाली जातो. बाणकोट–बागमांडल्याच्या दरम्यान खाडी ओलांडणारी फेरीबोट अजून चालते. तिच्यावरचे खलाशी कुठल्या गावचे, त्यांचे आजे कुठल्या गलबतावर होते, हे विचारून ठेवायला हवं. ते सांगणारी माणसं अजून आहेत.