खुलासा

अमिरातीतल्या नागरिक कुटुंबाची नोंद ज्या सरकारी कागदावर असते, त्याला ‘खुलासत अल कैद’ म्हणतात. मराठी कानाला हे तुरुंगातून सुटलेल्या कुणीतरी दिलेलं स्पष्टीकरण वाटतं. पण अरबीत ‘कैद’ म्हणजे बेडी तशीच नोंदही, आणि ‘खुलासा’ म्हणजे सारांश, अर्क, काढून घेतलेला मुख्य भाग. घरातली माणसं किती, कोण कुणाचं कोण, ते एका कागदावर उतरवलं की तो झाला नोंदीचा खुलासा.

हा शब्द आपण उचलला तो अर्थ बदलून. मराठी कचेरीत ‘आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’ असं पत्र आलं, तर कारकुनाकडून कुणी सारांश मागत नसतं. झालं ते का झालं, हे उलगडून सांग, असा त्याचा अर्थ. सारांशासाठी आपण फारसीतून दुसरा शब्द घेतला, गोषवारा. मूळ फारसीत गोषवारा म्हणजे कानातलं. जमाखर्चाच्या लांबलचक कागदाच्या शेवटी लोंबणारा एवढासा आकडा, म्हणून बहुधा हे नाव पडलं असावं.

आटोपशीर करणं आणि उलगडून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मराठीने या दोन शब्दांत नीट जपलंय. दुबईतल्या कुठल्याही ऑफिसात मात्र दोन्ही कामं एकच समजली जातात. चाळीस ईमेलची ट्रेल मेल, तीन व्हॉट्सअॅप ग्रुप, मीटिंगचे मिनिट्स, आणि वरून साहेबांची फर्माईश, ‘मला पाच ओळींत सांगा.’ पाच ओळी मिळाल्या की सगळ्यांना वाटतं, आता चित्र स्पष्ट झालं. अशाच पाच ओळींनी या किनाऱ्याचं नाव दीडशेहून अधिक वर्षं खराब करून ठेवलं होतं, आणि तो उद्योग मुंबईच्या कचेरीत सुरू झाला होता. त्याची ही हकिकत.

१ नोव्हेंबर १८१९ला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. हा तोच पुण्याचा रेसिडेंट. खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्यात याची पुस्तकं नि कागद गेले. पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांचं दफ्तर कंपनीच्या हाती आलं, हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद. (रुमाल म्हणजे दफ्तर बांधायचं फडकं. मोजणीही रुमालांतच व्हायची.) एका बाजूला हा डोंगर, आणि दुसऱ्या बाजूला त्याच महिन्यात मेजर जनरल सर विल्यम ग्रँट केअरची फौज मुंबईहून आखातात निघालेली. ९ डिसेंबरला रास अल खैमा पडलं. ८ जानेवारी १८२०ला तिथे तहावर पहिल्या सह्या झाल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत या किनाऱ्यावरच्या बाकीच्या शेखांनीही सह्या केल्या.

तहाची कलमं अकरा. लढाई जिंकलेल्याने हरलेल्याकडून लिहून घेतलेला कागद म्हणून त्याच्या न्याय-अन्यायाबद्दल बरंच बोलता येईल. कचेरीतलं लिखाण म्हणून पाहिलं, तर त्यातली दोन कलमं मला फार नीटस वाटतात. दुसऱ्या कलमात ‘जाहीर युद्ध’ म्हणजे काय ते सांगितलंय : एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध पुकारलेलं, कबूल केलेलं आणि हुकूम देऊन चालवलेलं. बाकी सगळी लूट आणि चाचेगिरी. व्याख्याही आहे आणि शिक्षाही. पाचवं कलम जहाजाच्या कागदांचं. प्रत्येक जहाजाजवळ शेखाच्या सहीचे दोन कागद हवेत. एकावर जहाजाचं नाव, लांबी, रुंदी आणि माल किती मावतो ते. दुसऱ्यावर मालकाचं नाव, नाखुदाचं नाव, माणसं किती, हत्यारं किती, कुठून निघालं, केव्हा निघालं आणि कुठल्या बंदराला जाणार. इंग्रजी जहाज आडवं आलं की हा कागद दाखवायचा.

दुसऱ्या कागदावरच्या त्या सात गोष्टी पुन्हा वाचा. समुद्रात भेटलेल्या अनोळखी कप्तानाला दुसऱ्या जहाजाबद्दल जेवढं कळायला हवं, तेवढंच त्यात आहे. विशेषण एकही नाही. प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे तपासता येते : माणसं मोजा, हत्यारं मोजा. हा गोषवाराही आहे आणि खुलासाही, कारण कागद आणि जहाज दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात.

मुंबईत बसलेल्या माणसासमोर जहाज नव्हतं. १८२०च्या दशकापासून शारजात कंपनीचा स्थानिक एजंट असे. तो बुशहरच्या रेसिडेंटला लिही. तिथे मुनशी तर्जुमा करत. (‘तर्जुमा’ हा शब्द अरबीत आजही करामा-देऱ्यातल्या टायपिंग सेंटरच्या पाट्यांवर असतो. मराठीत तो ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरता उरला.) रेसिडेंट त्यावर आपलं पत्र जोडून मुंबईला पाठवी. मुंबईच्या पोलिटिकल खात्यात त्याची नोंद होई आणि मग कौन्सिलपुढे सगळ्याचं सार मांडलं जाई. म्हणजे कौन्सिलच्या टेबलावर येईपर्यंत प्रत्येक बातमी तीन-चार हातांनी आखूड झालेली असे. १८२०च्या आधी तर या किनाऱ्यावर कंपनीचा माणूसही नव्हता. बऱ्याच बातम्या मस्कतहून येत, आणि मस्कतचे सुलतान हे कासिमींचे वैरी.

या सगळ्या जुन्या पत्रव्यवहारावरून मुंबई सरकारचा फ्रान्सिस वॉर्डन याने एक हकिकत तयार केली. विषय ‘जोआस्मी’ टोळी, साल १७४७ ते १८१९. जोआस्मी म्हणजे कवासिम, शारजा आणि रास अल खैमाचं कासिमी घराणं आणि त्यांच्या अमलाखालचे लोक. आखाताच्या बोलीत ‘क’चा ‘ज’ होतो आणि मुंबईच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. वॉर्डनची हकिकत वाचायला सोपी आहे. सालवार जाते, घोळ घालत नाही. १८५६ला आर. ह्यूज टॉमसने मुंबई सरकारच्या दफ्तरातल्या निवडक कागदांचा चोविसावा खंड छापला, सातशेच्या घरात पानांचा. त्यात ही हकिकत, पुढच्या अधिकाऱ्यांनी जोडलेल्या पुरवण्यांसह, आली. यापुढे या किनाऱ्याबद्दल काही लिहायचं असेल तर मूळ पत्रांचे रुमाल सोडायची गरज कुणाला भासेना. छापील खंड उघडला की झालं. ‘पायरेट कोस्ट’ हे नाव नकाशांत आणि पुस्तकांत जे रुळलं, त्याच्या मागे अशी सोय होती.

ही सोय काय करते हे पाहायला एक साधं उदाहरण घेऊ. समजा, सब-काँट्रॅक्टर लिहितो, ‘पंधरा तारखेपर्यंत माल साइटवर आला आणि कन्सल्टंटची मंजुरी मिळाली, तर महिनाअखेर काम होईल.’ साइट इंजिनियर कळवतो, ‘माल वेळेत आला तर महिनाअखेर काम पूर्ण.’ प्रोजेक्ट मॅनेजरच्या मिनिट्समध्ये ‘महिनाअखेर काम पूर्ण’. क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये हिरवा ठिपका. खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येक पायरीवर वाक्य आधीपेक्षा सुटसुटीत झालंय. गळाला तो ‘तर’. इतिहासाच्या कागदांत सगळ्यात आधी गळतं ते ‘असं अमुक म्हणाला’. ‘मस्कतकर सांगतात की ती होडी कासिमींची होती’ या वाक्याचं ‘कासिमींनी हल्ला केला’ व्हायला दोनच हात लागतात.

१८७३ला आखाताचा कारभार मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि कागदांचा पूर वाढतच राहिला. लॉर्ड कर्झनला या पुराचा भयंकर तिटकारा. खात्याखात्यांतून फिरणाऱ्या फायलीची तुलना त्याने पृथ्वीच्या परिवलनाशी केली होती. टिपणांवर टिपणं चढवण्याची सवय मोडण्यासाठी त्याने नियमही केले. नोव्हेंबर १९०३मध्ये तो स्वतः आखाताच्या दौऱ्यावर आला आणि २१ तारखेला शारजासमोर जहाजावर दरबार भरवून त्याने शेखांना भाषण ऐकवलं. याच सुमारास आखातात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक सुटसुटीत हातपुस्तक करायचं ठरलं. काम जॉन गॉर्डन लॉरिमर या तरुण आयसीएसला दिलं. मुदत सहा महिने.

पुढे काय झालं ते कुठल्याही प्रोजेक्टवाल्याला सांगायला नको. भूगोलाचा खंड १९०८ला छापून झाला. इतिहासाचा १९१५ला निघाला, तेव्हा लॉरिमर हयात नव्हता. १९१४च्या फेब्रुवारीत बुशहरला बंदुकीचा अपघात होऊन तो गेला. हातपुस्तकाची पानं झाली पाच हजारांच्या आसपास. शिवाय ते गोपनीय. साध्या वाचकाच्या हाती ते १९७०च्या पुनर्मुद्रणानंतर आलं. भूगोलाचा खंड मात्र आजही वाचनीय आहे. गावोगावची घरं, होड्या, खजुराची झाडं मोजलेली. दुबईची वस्ती सुमारे १०,०००, अबू धाबीची ६,०००. पाचव्या कलमासारखंच लिखाण, मोजता येईल ते मोजणारं. इतिहासाच्या खंडात पायाखाली जुनेच सारांश होते, आणि वॉर्डनचा सूर त्यात ऐकू येतो.

लॉरिमरला हाताशी मिळालेल्या साहित्यात जेरोम साल्दान्हा यांचे ‘प्रेसी’ होते. हे नाव फार कुणाला ठाऊक नाही. बीए, एलएलबी, मुंबई प्रांताच्या प्रोव्हिन्शियल सर्व्हिसमधले अधिकारी. म्हणजे आयसीएसच्या खालची, देशी माणसांची पायरी. १९०३ ते १९०८च्या दरम्यान त्यांनी आखाताबद्दलच्या पत्रव्यवहाराचे डझनाहून अधिक गोषवारे केले. कुवेत, बहरीन, मस्कत, गुलामांचा व्यापार, आणि आपल्या कामाचा ट्रुशल शेखांचा, १८५४ ते १९०५.

साल्दान्हांचं पान बघण्यासारखं असतं. परिच्छेदांना क्रमांक. महत्त्वाचं पत्र असेल तर सारांश न करता त्यातले उतारेच दिलेले. आणि समासात बारीक टाइपात मूळ कागदाचा ठावठिकाणा, कुठल्या खात्याचा, कुठल्या सालचा, कितवा. साहेबाला वरची ओळ वाचून निर्णय घ्यायचा असेल तर त्याने घ्यावा. शंका आली तर कुठला रुमाल सोडायचा ते शेजारीच लिहिलंय. भाषा रुक्ष आहे आणि सरकारची बाजू ती सरकारचीच. साल्दान्हा काही बंडखोर नव्हते. पण वाचकाला परत मूळ कागदापर्यंत जाता येईल अशी वाट त्यांनी सोडली. पुढे पुण्यात गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात काढले, तेव्हा तीच गोष्ट आणखी पुढे नेली. पत्राच्या डोक्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळींचा गोषवारा, आणि खाली मराठी पत्र. गोषवारा पटला नाही तर नजर दोन इंच खाली न्यायची.

वॉर्डनच्या गोषवाऱ्याखाली पत्रं नव्हती. ती वाचायला अखेर शारजाहूनच माणूस निघाला. शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी, १९७२पासून शारजाचे शासक, म्हणजे ज्या ‘जोआस्मीं’बद्दल ती हकिकत होती त्यांचेच वंशज. एक्सेटर विद्यापीठातल्या पीएचडीसाठी त्यांनी मुंबईच्या पुराभिलेखागारातले कागद वापरले. ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ हे त्यांचं पुस्तक १९८६ला लंडनला निघालं. त्यांचं म्हणणं असं की आखातातला व्यापार कंपनीला आपल्या हाती हवा होता. त्यासाठी कासिमींवर चाचेगिरीचा शिक्का मारण्यात आला, आणि इतरांनी केलेले हल्लेही त्यांच्या नावावर चढले.

एखाद्या राज्याचा प्रमुख आपल्या पूर्वजांची बाजू मांडतो तेव्हा वाचकाने सावध असावंच. चार्ल्स डेव्हिस यांनी १९९७च्या आपल्या पुस्तकात याच प्रश्नाची पुन्हा सविस्तर तपासणी केली. हा वाद मिटलेला आहे असं मी म्हणणार नाही. मात्र तो वाद आता मूळ पत्रांवर चालतो. हल्ला कुठल्या दिवशी झाला, बातमी कुणी दिली, त्याने स्वतः पाहिलं होतं का, त्याला त्यात काय मिळत होतं, हे प्रश्न विचारले जातात. मुंबईच्या टेबलावर गळालेले ‘तर’ आणि ‘असं अमुक म्हणाला’ दोन्ही बाजूंना एकेक करून परत शोधावे लागले.

साल्दान्हांचे प्रेसी आणि लॉरिमरचे खंड आता कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतात. करामातल्या खोलीत बसून, ऑफिसातून आल्यावर, मोबाइलवरसुद्धा. संगणकाला सांगितलं तर त्या पाच हजार पानांचा पाच ओळींत गोषवाराही तो करून देईल, आणि भाषा वॉर्डनइतकीच सफाईदार असेल. समासातले आकडे मात्र त्या पाच ओळींत येतीलच असं नाही. आणि मुंबईच्या जुन्या डायऱ्यांकडे बोट दाखवणारे आकडे अजूनही काळा घोड्याजवळच्या त्या दगडी इमारतीकडे नेतात. दुबईहून विमानाने तीन तास. खाली कॉलेज आहे, एल्फिन्स्टनच्या नावाचं.