मंडळ गेलें, माणसें राहिलीं

नाशिकजवळ एकलहरें येथें १९७० व १९७१ सालीं १४० मेगावॅटचे दोन आणि १९७९ ते १९८१ या काळांत २१० मेगावॅटचे तीन वीजसंच उभे राहिले. तेव्हां धनी एकच : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. पुढें २००३ च्या वीज कायद्यान्वयें जून २००५ मध्यें मंडळ विभागलें गेलें, व हें केंद्र महानिर्मिति कंपनीकडे आलें. पाटी एका दिवसांत बदलते. मनें तशीं बदलत नाहींत. जुने दोन संचही कालांतरानें बंद झाले. अशा वेळीं बॉयलर-टर्बाइनवर रात्रपाळी करणाऱ्यास ‘उद्यां आपलें काय?’ ही शंका ग्रासणें स्वाभाविकच होय.

४ जानेवारी २०२३ रोजीं खासगीकरणाच्या भीतीनें राज्यांतील वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारनें त्यांस चर्चेस बोलावून खासगीकरण न करण्याची ग्वाही दिली, आणि संप त्याच दिवशीं मिटला. मग हेंच बोलणें आधीं कां होऊं नये?

नेतृत्वाचा कस, आमच्या मतें, येथेंच लागतो. काळाचा ओघ थोपविणें अधिकाऱ्याच्या हातीं नसतें. परंतु येणारा बदल हाताखालच्या माणसांस वेळेवर व खरेपणानें सांगणें, हें सर्वस्वीं त्याच्याच हातीं असतें.